विमानातील उपकरणांची सदोष बसवणूक आणि न केलेल्या तपासण्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
देखभाल व दुरुस्ती विभाग

विषय: माझ्या खासगी हलक्या विमानात बसवलेल्या नव्या उपकरणांचे वायरिंग, चाचण्या व कागदपत्रे यांतील गंभीर त्रुटींबाबत.

महोदय,

माझ्या मालकीच्या एक इंजिनी, चार आसनी विमानातील व्हॅक्युम पंपावर चालणारी जुनी जायरो उपकरणे (फिरत्या चकतीच्या आधारे विमानाचा कल व दिशा दाखवणारी) काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले, एडीएस-बी प्रसारण करणारा, म्हणजे विमानाचे स्थान व उंची आपोआप कळवत राहणारा ट्रान्सपाँडर आणि अपघातात उपग्रहाला संकेत पाठवणारा 406 मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन बसवण्याचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले होते. काम पूर्ण झाल्याची आणि विमान उड्डाणयोग्य असल्याची नोंद लॉगबुकात करून आपण ते मला परत दिले. उपकरणांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. ती उत्तम आहेत आणि निवड करताना आपल्या तंत्रज्ञांनी दिलेला सल्लाही योग्य होता. माझी तक्रार आहे ती ज्या रीतीने ती बसवली गेली त्याबद्दल आणि त्याहूनही अधिक, ज्या तपासण्या झाल्याच नाहीत त्यांच्याखाली सही केली गेली त्याबद्दल.

सर्वांत धोकादायक बाब आधी मांडतो. विमान जमिनीवर उभे असताना कंट्रोल व्हील पूर्ण मागे ओढले, तेव्हा शेवटच्या टप्प्यात ते किंचित अडकत असल्याचे हाताला जाणवले. म्हणून उड्डाण न करता मी दुसऱ्या परवानाधारक अभियंत्याकडून पॅनेलची मागची बाजू उघडून घेतली. नव्या डिस्प्लेकडे जाणारा वायरींचा जुडगा कंट्रोल कॉलमच्या मार्गात लोंबत होता. त्याला क्लॅम्पचा आधार नव्हता. प्लॅस्टिकच्या एका पट्टीने तो चक्क इंधनदाब मापकाकडे जाणाऱ्या नळीला बांधला होता. कॉलमची कड घासून दोन वायरींचे आवरण इतके झिजले होते की आतली चकचकीत तार उघडी दिसत होती. वायर इंधनाच्या नळीला बांधू नये आणि कंट्रोलच्या हालचालीपासून दूर ठेवून पक्की करावी, हे या कामातले पहिले धडे आहेत. पॅनेलमागे काम झाल्यानंतर कंट्रोल दोन्ही टोकांपर्यंत मोकळेपणाने फिरतात की नाही, हे एकदा जरी पाहिले असते, तरी ही चूक आपल्याच कार्यशाळेत उघड झाली असती.

त्याच अभियंत्याने स्टॅटिक लाइनची, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उंची व वेग दाखवणाऱ्या उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळीची, गळती चाचणी घेतली. अल्टीमीटर (उंचीमापक) विमानतळाच्या उंचीपेक्षा 1000 फूट अधिक दाखवेल इतका दाब कमी करून लाइन बंद केल्यावर दाखवलेल्या उंचीत एका मिनिटात 100 फुटांहून अधिक घट होऊ नये, ही प्रेशराइज्ड नसलेल्या (केबिनमध्ये हवेचा दाब न वाढवणाऱ्या) विमानांसाठी 2017 पर्यंत अमेरिकी नियमांत दिलेली मर्यादा होती. माझ्या विमानात ही घट सुमारे 400 फूट निघाली, कारण डिस्प्लेसाठी नव्याने टाकलेल्या जोडाचे नट केवळ हाताने फिरवून सोडले होते. गळती केबिनच्या आत असल्यामुळे उड्डाणात केबिनमधला कमी दाब लाइनमध्ये शिरून उंची आणि वेग दोन्ही प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याचा धोका होता. शिवाय ट्रान्सपाँडरही हीच लाइन वापरत असल्याने, तीच चुकीची उंची हवाई नियंत्रकाला आणि आसपासच्या विमानांना कळवली गेली असती. लॉगबुकात मात्र ‘गळती चाचणी समाधानकारक’ असे लिहिलेले आहे. त्या चाचणीत काय मोजमाप आले, याचा एकही आकडा आपण दिलेला नाही.

दिशा दाखवणाऱ्या मॅग्नेटोमीटरचीही हीच अवस्था आहे. तो पंखात बसवताना चुंबकीय नसलेले स्क्रू वापरणे आवश्यक असताना आपण पोलादी स्क्रू वापरले आणि पंखाच्या टोकाच्या दिव्याची अर्थिंगची वायर त्याच्या अगदी शेजारून नेली. परिणामी, दिवे लावताच डिस्प्लेवरील दिशा सुमारे 11 अंशांनी सरकते. जुन्या उपकरणात बिघाड झाला तर अनेकदा काटा डळमळतो आणि वैमानिक सावध होऊ शकतो. इथे मात्र सुबक, स्थिर अक्षरांत चुकीचा आकडा दिसतो आणि ढगांत असलेला वैमानिक त्यावरच विसंबतो. उपकरणे बदलल्यानंतर होकायंत्र किती अंशांनी चुकते ते तपासून त्याचे नवे कार्ड लावायला हवे होते, तेही लावलेले नाही.

वजन आणि गुरुत्वमध्याचा तक्ता जुनाच आहे. व्हॅक्युम पंप इंजिनाजवळून निघाला आणि नवा बीकन शेपटीत बसला. दोन्ही बदलांनी गुरुत्वमध्य मागेच सरकतो. ‘फरक फार नाही’ असे मला दूरध्वनीवर सांगण्यात आले, पण तो किती आहे हे मोजल्याशिवाय असे म्हणता येत नाही. मागे सरकलेल्या गुरुत्वमध्याने विमानाची स्थिरता कमी होते आणि स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक कमी होण्याच्या स्थितीतून) सावरणे कठीण होते.

बीकनचा 15 अक्षरी ओळख सांकेतांक मला अजून मिळालेला नाही, त्यामुळे त्याची माझ्या नावे नोंदणी करता आलेली नाही. 2009 पासून उपग्रह जुनी 121.5 मेगाहर्ट्झची वारंवारिता ऐकत नाहीत. म्हणूनच मी हा खर्च केला. नोंदणी नसलेल्या बीकनचा संकेत आला, तर शोधपथकाने कोणाला विचारायचे?

मी या गोष्टी कळवल्यावर ‘आधी वापरून बघा, अडचण आली तर विमान घेऊन या’ असे उत्तर आले. ते मला मान्य नाही. माझ्यासोबत विमानात कुटुंबीय बसतात आणि आपल्या सहीवर विश्वास ठेवूनच मी त्यांना बसवतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, वायरिंग, स्टॅटिक लाइन आणि मॅग्नेटोमीटरचे काम आपण आपल्या खर्चाने नव्याने करावे, आणि ते पहिल्या वेळी सही करणाऱ्या व्यक्तीऐवजी दुसऱ्या निरीक्षकाने तपासावे. चाचण्यांची प्रत्यक्ष मोजमापे, सुधारित वजनतक्ता, होकायंत्राचे कार्ड, प्रत्येक उपकरणाचे मूळ प्रमाणपत्र आणि बीकनचा सांकेतांक मला लेखी द्यावा. दुसऱ्या अभियंत्याच्या तपासणीचे शुल्कही आपण भरून द्यावे. लॉगबुकातील पहिली नोंद कोणत्या तपासणीच्या आधारे केली गेली, याचा खुलासा संबंधित व्यक्तीच्या सहीनिशी हवा आहे. अभियंत्याचा अहवाल आणि वायरींची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे मी नागरी विमान वाहतूक नियामकाकडे सादर करीन. तोपर्यंत विमान हँगरमध्येच राहील.

कळावे,

आपला ग्राहक,
विमानमालक व वैमानिक