गुणांच्या राशीने एनबीएचे दार उघडत नाही

संपादक महोदय,

एनबीए ही अमेरिकेची सर्वोच्च बास्केटबॉल लीग; तिच्या खालच्या पातळीवरील जी लीगमध्ये एखाद्याने सामन्यामागे सातत्याने तीस गुण केले, की त्याची एनबीएतील जागा पक्की मानली जाते. हा हिशेब मात्र फसवा आहे. एनबीएत संघ ३० आणि प्रत्येकाला नियमित करार जास्तीत जास्त १५ व दोन्ही लीगमध्ये खेळू देणारे दुहेरी करार ३, म्हणजे एकूण जागा जेमतेम ५४०. त्यातही राखीव खेळाडूकडून संघाला गुणांपेक्षा चिवट बचाव आणि चेंडू हाती नसताना योग्य जागी उभे राहून केलेली अचूक लांब फेक हवी असते, कारण चेंडू हाती ठेवणारे तारे त्यांच्याकडे आधीच असतात.

मॅक मॅक्लंग २०२४ मध्ये जी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ ते २०२५ सलग तीनदा एनबीएची डंक स्पर्धाही (उंच उडी घेऊन चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबण्याची) जिंकला, तरी या काळात एनबीएत त्याला पाय रोवता आले नाहीत. आंद्रे इन्ग्रॅमने सुमारे दहा वर्षे खालच्या लीगमध्ये काढून २०१८ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, एनबीएतील लेकर्स संघाकडून पदार्पणातच १९ गुण केले. ती कहाणी मलाही प्रिय आहे, पण त्या हंगामात तीही दोनच सामन्यांपुरती होती. तेव्हा अशा खेळाडूंविषयी लिहिताना गुणांबरोबर बचावाचाही तपशील द्यावा, ही विनंती.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक