आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनाही फिजिक्स द्या साहेब, पण आपल्या मातीतलं द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी नाशिकला फिजिक्स शिकवतो, तासिका तत्त्वावर. पण हे पत्र ना माझ्या मानधनाबद्दल आहे ना बीएस्सीच्या वर्गांबद्दल. बीए आणि बीकॉमच्या मुलांबद्दल आहे. त्यांचं सायन्स दहावीच्या बोर्डाला जे सुटलं ते सुटलंच, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे ते परत त्यांच्या वाट्याला येऊ शकतं, पण ती संधी आपण हातची घालवतोय असं मला रोज दिसतंय म्हणून लिहितोय.

तुमच्याच खात्याच्या २० एप्रिल २०२३ च्या जीआरमध्ये ओपन इलेक्टिव्ह आहे, म्हणजे मुलाने आपल्या फॅकल्टीबाहेरचा एक विषय घ्यायचा. कल्पना शंभर टक्के बरोबर आहे. पण खाली काय होतं बघा, ज्या कॉलेजात सायन्स फॅकल्टीच नाही तिथे आर्ट्सवाले कॉमर्सचं काहीतरी घेतात आणि कॉमर्सवाले आर्ट्सचं, झालं. आणि जिथे सायन्स आहे तिथे बीएस्सी फर्स्ट इयरचाच सिलॅबस निम्मा कापून मुलांपुढे ठेवतात, व्याख्या लिहा, सूत्र लिहा, एकक लिहा. मी शिकवतो त्या कॉलेजात या मुलांसाठी लॅब उघडत नाही कारण लॅब बीएस्सीच्या बॅचेसना पुरत नाही म्हणे. मग मुलं गाइड आणतात, पास होतात आणि सायन्स आपल्यासाठी नाही ही दहावीतली समजूत आणखी पक्की करून जातात. याचं मला खरंच फार वाईट वाटतं, कारण हीच मुलं उद्या सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेत, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, पत्रकार होणार आहेत आणि पाण्याचे-जमिनीचे निर्णय त्यांच्याच हातात असणार आहेत.

वर्गातलं एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे बीकॉमला निफाड-पिंपळगावकडची बरीच मुलं असतात, घरी द्राक्षबागा. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा किती उतरला हे पेपरात यायच्या आधी या मुलांना माहीत असतं, कारण घरचे पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतात आणि ड्रिप सुरू करत असतात. मी विचारलं की पाणी का सोडता, थंडीत पाण्याने आणखी गार नाही का होणार? वर्ग गप्प. मग आम्ही बसून काढलं. आकाश निरभ्र असलं की जमीन रात्रभर उष्णता वर फेकत राहते, ढग असते तर त्यातली बरीचशी परत खाली आली असती. वारा नसला की गार हवा जड असल्याने खालीच, म्हणजे घडांच्या उंचीवर साचून राहते. विहिरीचं पाणी त्या पहाटेच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं, ते एक लिटर पाणी दहा अंशांनी निवलं तर ४२ हजार ज्यूल उष्णता आसपास देऊन जातं, आणि गोठायची वेळ आलीच तर गोठता गोठता आणखी ३ लाख ३४ हजार ज्यूल. मग एका मुलीने विचारलं, सर मग धुराचं काय, आमच्याकडे तर ओला पाला टाकून मुद्दाम धूर करतात. तिला सांगितलं की धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत, उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि त्यामुळे खालची-वरची हवा मिसळते त्याचा. ती वहीत लिहून न घेता तिथल्या तिथे घरी फोन लावायला निघाली होती! हे फिजिक्सच आहे साहेब, उष्मा, प्रारण, अप्रकट उष्णता, सगळं सिलॅबसमधलं. फक्त सिलॅबसमध्ये निफाड नाहीये.

दुसरं पाण्याचं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की प्रत्येकाच्या मोबाइलवर आकडा फिरतो, इतके हजार क्युसेक. लोक तो पुढे पाठवतात, पण त्याचं चित्र डोळ्यासमोर येत नाही म्हणून गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला जातात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या २८३ टाक्या, दर सेकंदाला! हा गुणाकार बीकॉमचं पोरगं तोंडी करतं, त्याला कोणी करायला लावत नाही एवढंच. त्याच्या पुढची गोष्ट तर जीवाशी निगडित आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. आणि हजार किलोची गाडी हजार लिटर पाणी बाजूला सारलं की तरंगायला लागते, मग ब्रेक दाबून काही होत नाही. गोदाघाटावर लावलेल्या गाड्या वाहून जातात त्या अशाच. २०२७ चा कुंभमेळा ऐन पावसाळ्यात येतोय, रामकुंडावर स्वयंसेवक म्हणून एनएसएसची हीच मुलं उभी राहणार, त्यांना एवढं तरी माहीत असायला नको का?

आणि जमिनीखालचं तर काहीच कोणी सांगत नाही. आपण सगळे बसाल्टवर राहतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून झालेला हा काळा पाषाण. पांडवलेणी त्यातच कोरलीत. मुलं तिथे फोटो काढायला दर रविवारी जातात, पण भिंतीतली ती बारीक बारीक भोकं लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची आहेत आणि अशाच पोकळ्यांत नंतर गरम पाण्यातून झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक वाढले, हे कोणी हात लावून दाखवत नाही. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये ते स्फटिक बघायला बाहेरून लोक येतात आणि आपली मुलं डिग्री घेऊन बाहेर पडतात तरी आत गेलेली नसतात. याच थरांमुळे विहिरीला पाणी लागतं किंवा लागत नाही, वरचा मुरूम, भेगा पडलेला खडक आणि दोन थरांमधली सच्छिद्र जागा यात पाणी असतं, घट्ट पाषाणात भेग सापडली तरच. बोअर मारायच्या आधी लोक हातावर नारळ ठेवून पाणी बघणाऱ्याला बोलावतात, बोअर कोरडं गेलं की कर्जाचा हप्ता मात्र राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सरकारचीच आहे, तिच्या निरीक्षण विहिरी आहेत, नोंदी आहेत. त्या नोंदी वाचायला येणारा एक जरी माणूस प्रत्येक गावात असला तर केवढा फरक पडेल. भूकंपाचंही तसंच, पेठ-सुरगाणा-कळवणकडे अधूनमधून धक्के बसतात, लगेच व्हॉट्सअॅपवर किल्लारीचे फोटो फिरतात. ५ आणि ६ तीव्रतेच्या भूकंपात ऊर्जेचा फरक जवळपास ३२ पट असतो, हे समजलेला माणूस ३ चा धक्का बसला म्हणून रात्रभर लेकरं घेऊन रस्त्यावर बसणार नाही, आणि भिंतीला तडा असेल तर तो बुजवायलाही विसरणार नाही.

आता तुमच्याकडे मागणं काय ते सांगतो. बीए-बीकॉमसाठी फिजिक्स आणि भूविज्ञान एकत्र असलेलं एक ओपन इलेक्टिव्ह राज्याने तयार करावं, बीएस्सीचं कापलेलं नाही, मुळापासून वेगळं. त्यातलं निम्मं काम बाहेर, धरणावर, डोंगरावर, विहिरीवर, आणि परीक्षेत व्याख्या नकोत, मुलाने स्वतः मोजलेलं काहीतरी असावं. लॅब नाही ही सबब चालू देऊ नका, मुलांच्या खिशातल्या फोनमध्ये त्वरणाचा सेन्सर असतो, फायफॉक्ससारखं फुकट अॅप टाकलं की लिफ्ट सुटताना आणि थांबताना काय होतं त्याचा ग्राफ पोरं स्वतः काढतात, मी काढून घेतलेत. पावसाचं मोजमाप तर पत्र्याच्या डब्यातही होतं, आणि आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला धो-धो आणि सिन्नर-येवल्याला टँकर, सह्याद्रीवर चढताना हवा गार होऊन ढग रिकामे होतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात हे समजवायला यापेक्षा चांगली जागा दुसरी नाही.

ज्या कॉलेजात सायन्स नाही तिथेही बऱ्याच ठिकाणी आर्ट्सला भूगोल असतो. त्या भूगोलाच्या सरांना-मॅडमना दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेनिंग द्या आणि जवळच्या कॉलेजातला फिजिक्सचा माणूस आठवड्यातून एकदा तिथे पाठवा, त्याच्या तासांचे आणि प्रवासाचे पैसे वेळेवर द्या म्हणजे झालं. मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, मराठीतून पुस्तकं लिहून घेण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे, हे पुस्तक त्यांच्याकडून मराठीतच करून घ्या, आणि प्रत्येक जिल्ह्याची उदाहरणं वेगळी ठेवा, लातूरला किल्लारी, साताऱ्याला कोयना, बुलढाण्याला लोणार. दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तिथे भूकंपाच्या नोंदी होतात, मुलांना वर्षातून एकदा ते यंत्र बघायला आत सोडा, यासाठी तुमचं एक पत्र पुरेसं आहे.

पुढच्या जूनला अॅडमिशन सुरू व्हायच्या आत एवढा एक सिलॅबस मंजूर झाला तर सुरुवात नाशिकपासून करा. मी आणि माझे भूगोलाचे दोन सहकारी पहिल्या वर्षी विनामोबदला शिकवायला तयार आहोत, तसं लेखी द्यायलाही तयार आहोत.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक फिजिक्सचा शिक्षक
नाशिक