सीटवर पाण्याचा थेंब टाकणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

माझ्या गाडीच्या लेदर सीटला भेगा पडल्या होत्या. तुमच्याआधी ज्यांनी ती पाहिली, त्यांनी सीटला हात लावण्याआधीच भाव सांगितला. एकजण म्हणाला, 'लेदर मेलंय, फाडून रेक्झिन टाका.' दुसऱ्यानं चकाकीचा सिलिकॉन स्प्रे मारून पैसे घेतले आणि भेगा होत्या तशाच राहिल्या. याला कारागिरी म्हणत नाहीत.

तुम्ही आधी पाण्याचा थेंब टाकलात. ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या कडेवर तो बघता बघता मुरला, काळसर डाग उमटला. म्हणजे चामड्यावरचा रंगाचा संरक्षक थर संपलेला. मागच्या सीटवर मात्र थेंब मोत्यासारखा उभा राहिला. तुम्ही बोट फिरवून तो पुसलात आणि म्हणालात, "मागं रंगाचं काम नाही. धुऊन देतो, त्याचे पैसे नको."

हे बोलणं तुम्हालाच महागात पडणार होतं, हे या कामातलं कळणाऱ्या कुणालाही समजेल. सगळ्या सीट एकाच डब्यातून रंगवणं सोपं असतं. मागची सीट जुनीच ठेवायची म्हणजे पुढचा रंग तिच्या उतरलेल्या छटेशी जुळवत बसायचं. ओला रंग वेगळा दिसतो, सुकल्यावर वेगळा. तुम्ही हेडरेस्टच्या मागं छोटा ठिपका लावून, पूर्ण सुकू देऊन, ट्यूबलाइटखाली नव्हे तर दारात उजेडात पाहिलात. जुळला नाही तेव्हा पुन्हा कालवलात.

गाडी आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेली जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना बंद गाडी उन्हात राहिली की आत ६० च्या पुढं जातं. चामड्यातला ओलावा जातो, कमावताना मुरवलेलं तेल कमी होतं, चामडं ताठरतं. मग चढता-उतरता घासणारी कड आधी तडकते. यावर लोक खोबरेल चोपडतात. थर शाबूत असेल तिथं ते आत जातच नाही, आणि फुटलेला असेल तिथं मुरून बसतं, मग नवा रंग धरत नाही. तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे न कंटाळता समजावता, त्याचेही आभार.

बाकी कामाबद्दल थोडक्यात लिहितो. आधीचं सिलिकॉन पूर्ण साफ करून काढलंत, नाहीतर रंग पापुद्र्यानं सुटला असता. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा मऊ केल्या. भेगांत फिलर एकदाच जाड न भरता पातळ तीन हात दिलेत. जाड भरला की बसल्यावर तो पुन्हा फुटतो. शेजारचा पोरगा सुकवायला हीट गन (गरम हवेचं यंत्र) घेऊन आला तेव्हा त्याचा हात धरलात. ओलं चामडं तापवलं की आकसतं आणि परत पसरत नाही. रंगावर मॅट टॉपकोट, म्हणजे वरचा संरक्षक हात दिलात, उगाच चकाकी आणली नाहीत.

कुणी पाहत नसताना दुसऱ्याचा पैसा वाचवणारी माणसं आपल्या मराठवाड्यात आहेत, आणि त्यांच्या दुकानावर मोठ्या पाट्या नसतात. त्यांचं नाव आपणच चार लोकांत सांगायला हवं.

दिवाळीनंतर स्टिअरिंगचं लेदर घेऊन येतो. त्याचे पैसे मात्र पूर्ण घ्यायचे, चाचा.