रेडॉन : भेगा बुजवून भागत नाही

संपादक महोदय,

न्यू जर्सीत घर घेणाऱ्यांसाठी रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात रेडॉनवर, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूवर, उपाय म्हणून तळघराच्या भेगा बुजवायला सांगितले आहे. तेवढ्याने खोटा दिलासा मिळतो. हिवाळ्यात तापलेली हवा घरात वर चढते आणि तळघर खालच्या मातीतली हवा ओढून घेते. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीही पुरतात.

आधी मोजणी हवी, आणि ती आपल्याच घराची. शेजाऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही. दारे-खिडक्या 12 तास आधीपासून बंद ठेवून रेडॉन शोषून घेणारी कोळशाची चाचणी-डबी सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर, जमिनीपासून किमान 20 इंच उंच ठेवावी. चाचणीची ठरलेली मुदत संपताच ती सीलबंद करून त्याच दिवशी प्रयोगशाळेला धाडावी. रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे आठवडाभर टेबलावर राहिलेली डबी वाया जाते.

आकडा 4 पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) प्रति लिटर हवा किंवा त्याहून जास्त आला, तर काँक्रीटच्या तळाखालून 3 ते 4 इंची पीव्हीसी पाइप घेऊन, पंख्याने हवा ओढून ती छपराच्या वर सोडावी लागते. पंखा माळ्यावर किंवा घराबाहेरच हवा. तो तळघरात असेल आणि त्याच्या पुढचा सांधा गळला, तर हाच वायू दाबाने घरात शिरतो. भेगा बुजवायच्या त्या या पाइपच्या जोडीला, नाहीतर पंखा घरातलीच हवा खेचत बसतो. पंखा 24 तास चालल्यावर पुन्हा मोजणी करावी.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी