त्या सत्तावीस ज्योतिषांना आभारपत्र

स. न. वि. वि.

२००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. कुंडली बघून मूल हुशार की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, एवढंच सांगायचं होतं. ५१ जणांनी कुंडल्या घेतल्या, उत्तरं पाठवली तुम्ही २७ जणांनी. वैज्ञानिक पद्धत शिकवताना आम्ही ही चाचणी वर्गात फळ्यावर मांडतो. ती पार पडली तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र.

दोन्ही गटांतल्या प्रत्येकी १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा झाल्या. त्या २०० कुंडल्यांमधून प्रत्येकाला यदृच्छया ४० दिल्या. कोणती कुंडली कोणाची, याची सांकेतिक यादी पुणे विद्यापीठात प्रा. सुधाकर कुंटे यांच्या ताब्यात होती. ही काळजी फार मोलाची. कुंडली हाती देणाऱ्यालाच उत्तर ठाऊक असेल, तर त्याच्या चेहऱ्यावरूनही सुगावा लागतो आणि मग पुढची सगळी आकडेमोड फुकट जाते.

नुसत्या अंदाजानेही ४० पैकी सुमारे २० बरोबर येतात. २८ किंवा जास्त येण्याची शक्यता मात्र १ टक्क्याहून कमी, म्हणून कस तिथे लागतो. तुमच्यातला सर्वोत्तम निकाल २४ होता. मुलांना तो आकडा मोठा वाटतो. मग आम्ही हिशेब करायला लावतो: २७ जणांनी प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवलं, तर त्यांतल्या तीन-चार जणांचे २४ किंवा जास्त छापे पडतील! सगळ्यांची उत्तरं हाती नसती, तर तो एकच २४ मिरवला गेला असता. कमी गुण मिळालेल्यांनीही कागद परत पाठवले, त्याचं आम्हाला विशेष वाटतं.

एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, तिचे आभार वेगळे. १०२ उत्तरं बरोबर आली. नमुना मोठा असला की थोडंसं कौशल्यही लपत नाही: ४० कुंडल्यांत कसाला उतरायला ७० टक्के लागतात, २०० मध्ये ११७, म्हणजे साठ टक्क्यांच्या आतच भागतं.

उरलेल्या २४ जणांची उत्तरं आली नाहीत, ती उणीव राहिलीच. पुन्हा अशी चाचणी झाली, तर प्रश्न, कुंडल्यांची संख्या आणि उत्तीर्ण व्हायचा आकडा आधीच लिहून त्यावर दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. तुम्ही पुन्हा यावं, ही विनंती.

आपले ऋणी,
विज्ञान शिकवणारे काही शिक्षक