विषय : पान 32 नंतर पुन्हा पान 17. पाच प्रती, पूर्ण एकही नाही.

प्रति,
व्यवस्थापक, बालसाहित्य विभाग

थोर लेखकांच्या बालपणावरचं चित्रपुस्तक तुमचंच आहे, तेव्हा त्यात काय आहे ते सांगत बसत नाही. काय नाही ते सांगते. पान 33 ते 48 नाहीत. त्या जागी 17 ते 32 हा सोळा पानांचा फॉर्मा दुसऱ्यांदा शिवलेला आहे. पाचही प्रतींत. 395 रुपयांप्रमाणे 1,975 रुपये मी स्वतःच्या खिशातून भरले, शाळेच्या अनुदानातून नाही. वर्गाच्या वाचन कोपऱ्यासाठी आणि 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी ही पुस्तकं हवी होती. तो दिवस होऊन गेला.

आमच्या गावाच्या पिनकोडला तुमचं पार्सल येत नाही, म्हणून वसमतला जाऊन आणलं. याबद्दल तक्रार नाही, आम्हाला सवय आहे. पण सदोष पुस्तक परत न्यायलाही 'रिव्हर्स पिकअप तुमच्या पिनकोडला उपलब्ध नाही', हे चार फोन झाल्यावर कळलं. तोवर प्रत्येक वेळी एकच प्रश्न : पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का? नाही. पार्सल एकोणतीस मुलांनी मिळून उघडलं, माझ्या हातात फक्त कात्री होती.

आता आज दुपारचा फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीलाच सांगतात, तेव्हा काढून ऐका. अठरा मिनिटं धून ऐकल्यावर एक सद्गृहस्थ आले. मी दोष सांगितला.

"मॅडम, पुस्तकात एकूण पानं किती भरली?"

"चौसष्ट."

"आणि वेबसाइटवर किती लिहिलीत?"

"चौसष्ट."

"मग पानं कमी नाहीत ना."

मी म्हटलं, अहो, तीच पानं दोनदा आहेत. ते म्हणाले, सिस्टीममध्ये 'पानं कमी' आणि 'पानं फाटलेली' एवढेच पर्याय आहेत. मी म्हटलं, मग 'कमी' टाका. ते म्हणाले, तसं कसं टाकू, चौसष्ट भरलीत असं तुम्हीच सांगितलंत. इथवर मी हसले असते. वीस वर्षं चौथीला गणित शिकवते, अशी उत्तरं रोज तपासते. पण पुढे ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, लहान मुलांचं पुस्तक आहे. तिकडे खेड्यातली मुलं चित्रंच बघणार. पान नंबर कोण बघतंय?"

तिकडे. म्हणजे इकडे. तर ऐका, इकडे कोण बघतंय ते.

हा दोष मी काढलेला नाही. तिसरीतल्या एका मुलाने काढला. अनुक्रमणिकेत पान 37 वर नरहर कुरुंदकर आहेत. कुरुंदकर जन्मले नांदापूरला, कळमनुरी तालुक्यात, आणि ज्या कुरुंदा गावावरून हे आडनाव आलं ते आमच्याच वसमत तालुक्यात आहे. या मुलाचं आजोळ कुरुंद्याचं. एवढ्या मोठ्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव लागलेला माणूस आहे म्हटल्यावर त्याने आधी तेच पान काढायला घेतलं. सापडेना. पाचही पुस्तकं उलटीसुलटी करून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, आपल्यालाच वगळलंय." मी म्हटलं, वगळलं नाही रे, शिवताना चुकलं. आज तुमच्या माणसाशी बोलल्यावर मला माझ्या उत्तराची तेवढी खात्री राहिली नाही.

निजामाच्या राज्यात जन्मलेला, हैदराबादला मामांकडे शिकलेला आणि 1948 च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झालं तेव्हा सोळा वर्षांचा असलेला मुलगा. याचं बालपण तुमच्या चित्रकाराने कसं काढलं, हे बघायची मलाच जास्त उत्सुकता होती. पाटीवर उर्दू असलेल्या त्या काळच्या शाळेचं एखादं चित्र असेल, असं मनाशी धरलं होतं.

पान 22 बद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते आमच्याकडे दोनदा आलं आहे, त्यामुळे सुटका नाही. असोद्याच्या छोट्या बहिणाबाई पाटीवर ओवी लिहीत बसल्या आहेत, छान रंगीत चित्र आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, साहेब. त्या गात गेल्या, घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी त्या गेल्यावर 1952 साली पुस्तकरूपात आणली. थोरपण तिथेच आहे, आणि तुम्ही नेमकं तिथेच पेन्सिल दिली. एक पोरगी लगेच म्हणाली, "ही तर लिहायलीय की! हिला येत नव्हतं म्हणलात ना तुम्ही?" पान 29 वर अण्णा भाऊंच्या पाठीला दप्तर आहे. ज्या माणसाची शाळा दीड दिवसाची, त्याला दप्तर! आमच्या वर्गात ऊसतोडीला आईबापांसोबत जाऊन चार महिन्यांनी परतणारी मुलं आहेत. वाटेगावहून मुंबईला चालत गेलेला मुलगा त्यांना दप्तराशिवायच दाखवा. त्यांना तो जास्त ओळखीचा वाटेल.

तुमची पुस्तकं मी लहानपणी वाचली आहेत. म्हणून ही मागवली, स्वस्तातली दुसरी मिळत होती. असो.

मला पैसे परत नकोत, पाच पूर्ण प्रती हव्यात. पंधरा दिवसांत आल्या नाहीत तर आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, हेही इकडे खेड्यात माहीत असतं. व्हिडिओ मागू नका, नाही. पुरावा म्हणून पान 32 आणि त्यापुढचं पान 17 असे दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत, पाचही प्रतींचे. आणि तुमच्या त्या गृहस्थांनी 'पान नंबर कोण बघतंय' हे वाक्य मागे घ्यावं. लेखी, माझ्याकडे नाही, वर्गाच्या नावाने. मी वाचून दाखवेन.

सदोष प्रती वसमतच्या कुरिअर ऑफिसात ठेवून येईन, तिथून उचला. फोन करायचा तर पाचनंतर करा, शाळेच्या वेळात मी उचलत नाही.

— वर्गशिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
ता. वसमत, जि. हिंगोली