आई, पट्टी खाली घेण्याबद्दल

सास्काटून, कॅनडा

ती. आई,
शि. सा. न.

परवा फोनवर म्हणालीस की भजनी मंडळात जाणं सोडलंस, आवाज बसलाय, वरचा सा लागत नाही, पेटीवाल्या काकूंना तुझ्यासाठी सुरांची पट्टी उतरवावी लागते आणि तुला ओशाळल्यासारखं होतं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय.

इथे नदीकाठी मी चालायला जाते त्या वाटेला जोनी मिशेलचं नाव दिलंय. ही गायिका याच गावात वाढली. नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, गिटारवर सगळे धरतात तशी बोटं धरणं जड जायचं, मग तिने ताराच वेगळ्या लावायला सुरुवात केली. आपल्याकडे रागाप्रमाणे तानपुरा पंचमावर नाहीतर मध्यमावर लावतात ना, तसंच, पण कितीतरी जास्त प्रकारांनी. तू तानपुरे बनवणाऱ्या मिरजेची, तुला हे जास्त समजवायला नको.

पहिला अल्बम १९६८ चा, त्यात आवाज एकदम उंच आणि पातळ. १९७१ चा 'ब्लू' मी रात्री एकटी ऐकते. गिटार, पियानो, डल्सिमर नावाचं एक तंतुवाद्य, बाकी वाद्यं अगदी मोजकी, आणि त्यात 'लिटल ग्रीन' नावाचं गाणं आहे, ते तिने दत्तक द्यावी लागलेल्या आपल्या मुलीसाठी लिहिलंय. तेव्हा ऐकणाऱ्यांना हे माहीतच नव्हतं. मायलेकींची भेट झाली १९९७ मध्ये. आई, हे वाचल्यावर मी ते गाणं परत लावलं आणि पूर्ण ऐकू शकले नाही.

लोकांना तेच तेच हवं होतं पण ती थांबली नाही. १९७४ च्या 'कोर्ट अँड स्पार्क'मध्ये जॅझवाले घेतले, तो अल्बम खूप चालला, पुढचा अनेक समीक्षकांना आवडला नाही. मग १९७६ चा 'हेजिरा', अमेरिकेत एकटीने गाडी चालवत लांबचा प्रवास केला त्यातून आलेला. त्यात जाको पास्टोरियस या वादकाची पडदे नसलेली बेस गिटार आहे, ती अक्षरशः मींड घेते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, तुला नक्की आवडेल. नंतर जॅझमधला मोठा संगीतकार चार्ल्स मिंगस आजारी असताना त्याच्या चालींवर तिने शब्द लिहिले. तो १९७९ च्या जानेवारीत गेला, अल्बम नंतर आला.

पण मला सांगायचंय ते 'बोथ साइड्स नाउ'बद्दल. हे गाणं ती पंचविशीत, १९६९ च्या अल्बममध्ये गायलीय, स्वच्छ उंच आवाजात, ढगांबद्दल, प्रेमाबद्दल, आयुष्याबद्दल. आणि २००० मध्ये, छप्पन्न वर्षांची असताना, मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर तेच गाणं परत. आयुष्यभर सिगरेटी ओढलेल्या, आवाज जाड आणि घोगरा झालेला, वरच्या जागा गेलेल्या, म्हणून गाणं खूप खाली घेतलंय आणि एकेक ओळ थांबून थांबून म्हटलीय. शब्द तेच. पण पंचविशीतली मुलगी ते शब्द छान म्हणते आणि छप्पन्नची बाई ते भोगून आलीय असं वाटतं. मला दुसरं जास्त आवडतं, त्यात तुझा आवाज ऐकू येतो.

२०१५ मध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून मोठं आजारपण आलं, बोलणं चालणं परत शिकावं लागलं, गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खुर्चीवर बसून हेच गाणं गायली. आसपासचे कलाकार रडत होते.

१९६९ आणि २००० ची, दोन्ही रेकॉर्डिंग बाबांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलीत, आधी १९६९ चं ऐक.

आणि मग काकड आरतीनंतर म्हणायचीस तो अभंग मला म्हणून पाठव. काळी चारची पट्टी धरून बसू नकोस, पांढरी चार घे, तीही जड गेली तर काळी दोन. बाबांना फोन धरायला सांग आणि पंखा बंद कर, मागच्या वेळी नुसता पंखाच ऐकू आला.

तुझी,
मनू